गॅलरीतल्या पक्ष्या-फुलपाखरांचे फोटो दर वेळी का बिघडतात? आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखा

घरच्या बागेत फोटो काढणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. पक्षी समोर होता, ऊनही होतं, बटण वेळेवर दाबलं, तरी फोटो नीट आला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग हळूहळू नव्या फोनच्या किंवा मोठ्या लेन्सच्या किमती बघायला सुरुवात होते. माझं स्पष्ट मत आहे की तो खर्च सध्या थांबवा. 'नीट आला नाही' या तीन शब्दांत निदान पाच-सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की काहीच सुधारत नाही. तक्रार वर्षानुवर्षं तशीच राहते ती यामुळेच.

ठाण्यात राहणाऱ्यांसाठी हा विषय फार जवळचा आहे. एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये तलाव. मानपाडा, वर्तकनगर, कोलशेत, घोडबंदर रस्त्याच्या सोसायट्या, कुठेही चार कुंड्या ठेवल्या तरी शिंजीर (सनबर्ड), शिंपी, बुलबुल, दयाळ, तांबट यांपैकी कोणी ना कोणी हजेरी लावतंच. अडचण पाहुण्यांची नाही. आपल्या गॅलऱ्यांना जाळी आहे, ग्रिल आहे, स्लायडिंगच्या काचा आहेत, चार महिने पाऊस आहे, आणि कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकांत यातलं काही नसतं. म्हणून हे सगळं इथे लिहिते आहे.

सुरुवात बिघडलेल्या फोटोपासून

फोटो बिघडला की लगेच डिलीट करू नका. तो मोठा करा, दोन बोटांनी जितका होईल तितका, आणि पक्ष्याकडे न बघता त्याच्या आजूबाजूला बघा.

सगळंच हललेलं आहे का? पान, काडी, कुंडीची कड, सगळ्याला एकाच दिशेने ओढल्यासारखी दुहेरी रेघ दिसते का? मग हात हलला. काडी स्पष्ट, पण पक्ष्याचं डोकं किंवा पंख पुसट? मग पक्षी हलला आणि शटर (उजेड आत घेणारी झडप) त्याच्या मानाने संथ होतं. पक्षी पुसट, पण त्याच्या मागचं पान किंवा पुढचं ग्रिल लखलखीत? मग फोकस भलतीकडे बसला. काहीच हललेलं नाही, पण पिसं रंगाच्या ओल्या फटकाऱ्यांसारखी एकमेकांत मिसळलेली? हा डिजिटल झूमचा (चित्र कापून मोठं करण्याचा) किंवा कमी उजेडाचा परिणाम. कमी उजेडात फोटोवर उमटणारे दाणे पुसता पुसता फोनने पिसंही पुसली. आणि अख्ख्या फोटोवर दुधाळ पडदा असेल, उजळ भागाभोवती वलय असेल, तर लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा आहे, बाष्प आहे किंवा मध्ये काच आहे.

एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. दहा खराब फोटो असे बघितले की बहुधा एकच दोष पुन्हा पुन्हा दिसतो. आपला दोष कुठला, हे कळलं की पुढचं सोपं आहे.

हात हलण्याचं आधी उरकते. कोपरं छातीशी धरा, खांदा भिंतीला टेका, ग्रिलवर एखादा जुना टॉवेल घडी करून त्यावर लेन्स ठेवा. लांब लेन्स असेल तर शटरचा वेग निदान लेन्सच्या मिलिमीटरइतका हवा, म्हणजे ३००ची लेन्स असेल तर १/३०० सेकंदापेक्षा संथ जाऊ नका. स्टॅबिलायझेशन असेल तर थोडी सवलत मिळते. पण ते फक्त तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

काडी स्पष्ट, पक्षी पुसट

लहान पक्षी आपल्याला बसलेला वाटतो तेव्हाही तो स्थिर नसतो. शिंपी फांदीवर असताना शेपटी उभारून सतत झटके देत असतो. शिंजीर फुलात चोच घालतो, काढतो, मान वळवतो, पुन्हा घालतो. डोळ्याला ही एक सलग हालचाल वाटते, कॅमेऱ्याला मात्र ती पुसट दिसते.

कॅमेरा असेल तर ऑटो सोडा आणि शटरचा वेग स्वतः ठरवता येतो त्या मोडवर या. शांत बसलेल्या बुलबुलासाठी १/५०० चालतं. शिंपी, चष्मेवाला, फुलटोच्या अशा चुळबुळ्यांना १/१००० धरा. शिंजिराचे पंख थांबवायचे असतील तर १/२००० किंवा वर. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून त्याची कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० करून टाका. लोक आयएसओला घाबरतात, फोटो दाणेदार होईल म्हणतात. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला सुधारता येत नाही. शिवाय कमी आयएसओवर अंधारा काढून नंतर उजळवलेला फोटो बरेचदा अधिकच दाणेदार दिसतो.

फोनवर प्रकरण वेगळं आहे. फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो आणि जोडतो. उजेड कमी असला की तो प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, आणि या फ्रेमांमध्ये पक्ष्याने मान वळवली की डोक्याच्या जागी भूत उमटतं. नाइट मोड आपोआप चालू होत असेल तर तो बंद करा. बटण दाबून धरून बर्स्ट (एकामागोमाग अनेक फोटो) घ्या. वीसमधून एखादीत पक्षी नेमका थांबलेला सापडतो. चांगल्या उन्हात आणखी एक मार्ग आहे: ४के व्हिडिओ काढा आणि त्यातली फ्रेम उचला. ती साधारण ८ मेगापिक्सेलची असते, मित्रांना पाठवायला आणि छोट्या प्रिंटला भरपूर झाली.

फोनच्या झूमबद्दल एक चाचणी सांगते, ती प्रत्येकाने एकदा करावीच. कॅमेरा उघडा, ३एक्स किंवा ५एक्सवर जा, आणि मागच्या लेन्सपैकी झूमची लेन्स बोटाने झाका. स्क्रीन काळी झाली तर फोन खरोखर ती लेन्स वापरतो आहे. झाली नाही तर तो मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करून दाखवतो आहे, आणि स्क्रीनवर मात्र ५एक्सच लिहिलेलं असतं. हे दोन वेळा घडतं: उजेड कमी असताना, आणि वस्तू झूम लेन्सच्या किमान अंतराच्या आत असताना. गॅलरीत दुसरं कारण फार वेळा लागू होतं. जास्वंदीवरचा शिंजीर हाताच्या अंतरावर असतो, आपण आनंदाने पुढे झुकतो आणि फोन गुपचूप लेन्स बदलतो. अशा वेळी एक पाऊल मागे गेलं की तोच फोन एकदम चांगला फोटो देतो. बोट ठेवून मागे-पुढे सरकून बघा, तुमच्या फोनचं ते अंतर कळेल. मग गॅलरीत तेवढ्या अंतरावर खुर्ची ठेवा.

शिंजीर काळाच का येतो?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू फोन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा बघ. डोळ्यांना निळा-जांभळा दिसतो, फोटोत मात्र डांबरासारखा. माझाच फोन बिघडलाय का?"

"नाही हो काकू. तुम्ही फोटो कुठे उभ्या राहून काढलात?"

"स्वयंपाकघराच्या दारातून. तो तिथे हॅमेलियाच्या झुडपावर बसतो ना, म्हणून."

त्यांची गॅलरी पूर्वेकडे आहे आणि वेळ सकाळी आठची. म्हणजे सूर्य पक्ष्याच्या मागे आणि काकू सावलीच्या बाजूला. फोनचा दोष नव्हता.

जांभळ्या शिंजिराच्या नराचा झळाळता रंग हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसांतल्या अतिशय सूक्ष्म थरांवरून उजेड परत फिरताना तो तयार होतो. त्यामुळे उजेड आणि आपली नजर यांचा कोन जुळला तरच तो दिसतो, नाही तर पक्षी काळा. आपण बघतो तेव्हा पक्षी सतत वळत असतो, म्हणून मधूनमधून निळी-हिरवी झळाळी डोळ्यात भरते आणि तीच लक्षात राहते. फोटोत एकच क्षण सापडतो, आणि तो बहुधा काळा असतो. काकूंना म्हटलं, सकाळचा हट्ट सोडा. दुपारी तीननंतर त्याच दारातून बघा, तेव्हा सूर्य इमारतीच्या मागच्या बाजूला गेलेला असतो आणि झुडपावर मोकळ्या आकाशाचा सौम्य उजेड पडतो. किंवा सकाळीच काढायचा असेल तर कुंडी कठड्याच्या टोकाला नेऊन ठेवा, म्हणजे बाजूने ऊन मिळेल. त्यांनी कुंडी हलवली. पुढच्या फोटोत गळ्यावर मोरपंखी पट्टा स्पष्ट होता.

तुमची गॅलरी कुठल्या दिशेला आहे, हे फोटोसाठी लेन्सपेक्षा महत्त्वाचं आहे. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो, बाकी वर्षभर दक्षिणेकडून. म्हणून दक्षिणेकडच्या गॅलरीत डिसेंबर-जानेवारीत ऊन आतपर्यंत येतं, आणि उत्तरेकडच्या गॅलरीत हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. उत्तरवाल्यांनी खंतावू नये. दिवसभर एकसारखा, सावलीविरहित उजेड मिळतो आणि फुलपाखरांसाठी तो उत्तम असतो. फक्त शटरसाठी आयएसओ वर न्यावा लागतो.

पावसाळ्यात आणखी एक कारण पक्ष्याला काळं करतं. मागे ढगाळ पांढरं आकाश असलं की कॅमेरा त्या पांढऱ्याला फार उजळ समजून सगळंच अंधारं करतो. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ किंवा +१.५ करा. फोनवर पक्ष्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बाजूची सूर्याची खूण वर सरकवा. आकाश पांढरंफटक जाईल, जाऊ द्या. दयाळाच्या बाबतीत उलट सांभाळावं लागतं: काळ्या पाठीकडे बघून उजळवलं की पांढरं पोट जळून जातं. त्याचा फोटो पोटाच्या पिसांवर नजर ठेवून काढावा.

आणि हो, पिवळट पोटावर मधोमध एकच काळी पट्टी असलेला शिंजीर दिसला तर फोटोचे रंग बिघडलेत असं समजू नका. विणीचा हंगाम संपल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर असाच दिसतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर मात्र वर्षभर आपले रंग राखून असतो. आपल्याकडे दोन्ही येतात.

जाळी, ग्रिल, काच

कबुतरांची जाळी ही मुंबई-ठाण्याच्या गॅलरीची ठरलेली गोष्ट. बरेच लोक जाळीपासून दोन-तीन फूट मागे उभे राहून बाहेरच्या पक्ष्याचा फोटो काढतात आणि फोकस जाळीवर बसतो. करायचं ते याच्या उलट. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा. इतक्या जवळचा धागा लेन्सला दिसतच नाही, विशेषतः अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं असेल तर. फोनची लेन्स तर एवढी लहान असते की जाळीच्या एका घरात आख्खी मावते. फोनची दोरी मनगटात अडकवलेली असू द्या, खाली पार्किंग आहे.

जाळीवर थेट ऊन पडलं असेल तर नायलॉनचा धागा चमकतो आणि लेन्स टेकवूनही फोटोवर धुरकट पडदा येतो. त्या भागावर तळहाताची सावली धरा किंवा ऊन सरकण्याची वाट बघा. डासांची बारीक जाळी मात्र टेकवूनही जात नाही, ती उघडावीच लागते. फोकस एकाच बिंदूवर ठेवा. पूर्ण फ्रेमभर फोकस शोधणारा मोड असला की तो बहुधा सगळ्यांत जवळची वस्तू पकडतो, आणि गॅलरीत सगळ्यांत जवळचं म्हणजे ग्रिल.

काचेतून काढायचा असेल तर काच दोन्ही बाजूंनी पुसा, खोलीतला दिवा बंद करा, गडद कपडे घाला आणि लेन्स काचेला सरळ टेकवा. तिरकी धरली की फोटो मऊ येतो, बरेचदा दुहेरी कडा दिसतात. रंगीत किंवा फिल्म लावलेल्या काचेतून रंग कधीच नीट येत नाहीत, तिथे वेळ घालवू नये.

काचेचीच दुसरी बाजू. विणीच्या काळात दयाळ किंवा शिंजीर स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून काचेवर तासन्‌तास चोच मारतो. फोटो मजेदार मिळतात, पण पक्षी थकतो. दोन-चार फोटो घ्या आणि मग काचेच्या बाहेरच्या बाजूने कागद लावा. आतून पडदा ओढल्याने प्रतिबिंब जात नाही, उलट आणखी गडद होतं.

जून ते सप्टेंबर: सगळ्या फोटोंवर धुकं

रात्रभर एसी चालू असलेल्या खोलीतून कॅमेरा सकाळी गॅलरीत आणला की दमट हवेतली वाफ थंड काचेवर बसते. लेन्स पुसली की क्षणात पुन्हा तेच. पुसत बसू नका, आणि त्या अवस्थेत लेन्स तर मुळीच बदलू नका, नाही तर वाफ आत सेन्सरपर्यंत जाईल. कॅमेरा बंद बॅगेत असतानाच अर्धा तास आधी हॉलमध्ये किंवा गॅलरीत ठेवा. बॅगेच्या आत तो सावकाश गरम होतो आणि बाष्प बॅगेवर बसतं. फोनलाही हेच लागू आहे, पण तो पटकन गरम होतो.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात पडून राहिला की लेन्सच्या आत बुरशी येते: कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे, टॉर्च मारली की दिसतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बघा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नका, ती ओल धरून ठेवते.

फुलपाखराचा एकच पंख स्पष्ट येतो

ही तक्रार चांगले कॅमेरे असलेल्यांची जास्त असते. ३०० मिलिमीटरची लेन्स, दीड मीटर अंतर आणि अॅपर्चर एफ ५.६ असेल तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. फुलपाखरू जरा तिरकं बसलं की एक पंख त्या पट्ट्यात आणि दुसरा बाहेर. एफ ११वर गेलात (म्हणजे छिद्र लहान केलंत) तर खोली दुप्पट होते, पण उजेड चौपट कमी होतो. त्यापेक्षा स्वतः सरका. पंख मिटलेले असतील तर बरोबर बाजूने, उघडे असतील तर बरोबर वरून, म्हणजे पंखाचं पातं आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर येईल. सगळं जमत नसेल तर डोळा स्पष्ट ठेवा. डोळा स्पष्ट असला की बाकीचं बघणारा माफ करतो.

पाठलाग केला तर फुलपाखरू कधीच हाती लागत नाही. ते थंड असतं तेव्हा जा. सकाळी पहिलं ऊन पडल्यावर फुलपाखरं पंख पसरून अंग शेकत बसतात, कारण स्नायू तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. ती पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांत मोलाची. तुमची सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की उडालीच.

खरं सांगायचं तर घरच्या बागेत फुलपाखराचा उत्तम फोटो मिळवायचा रस्ता कॅमेऱ्यातून जात नाही, तो कडीपत्त्याच्या कुंडीतून जातो. कडीपत्ता आणि लिंबू यांवर लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन अंडी घालतात. सुरुवातीचा सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा, तपकिरी-पांढरा. नंतर तो हिरवागार होतो, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून केशरी शिंगाडी बाहेर काढून उग्र वास सोडतो. बोट लावू नका, काडीने जवळचं पान हलवलं तरी पुरे. पावसाळ्यात कोष साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत फुटतो. आदल्या दिवशी कोषाचं कवच पारदर्शक होऊ लागतं आणि आतल्या पंखांची नक्षी दिसते. ती दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. बाहेर आलेलं फुलपाखरू चुरगळलेले पंख खाली लोंबकळत ठेवून ते ताठ होण्याची वाट बघत कमीत कमी तासभर तिथेच असतं. उडू शकत नाही, म्हणून तर जास्त जपायचं: फुंकर नाही, फ्लॅश नाही, फांदी वळवणं नाही. पंख ताठ होण्याआधी ते खाली पडलं तर कदाचित कधीच उडू शकणार नाही.

कडीपत्त्याची एक कुंडी स्वयंपाकासाठी आणि एक सुरवंटांसाठी अशी वाटणी केली की घरातली भांडणं मिटतात. सुरवंटांच्या कुंडीवर कुठलंही औषध मारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही. सोसायटीच्या माळीकाकांनाही हे आवर्जून सांगून ठेवा, त्यांच्या दृष्टीने ती कीड असते. पानफुटी लावली तर रेड पिएरो येतं. ते नखाएवढं, संथ उडणारं, जमिनीलगत राहणारं फुलपाखरू आहे, शिकायला त्याच्याइतकं चांगलं कोणी नाही. त्याचा सुरवंट पानाच्या आतूनच पान खातो, म्हणून पानफुटीच्या पानांवर फिकट पोकळ डाग दिसले तर पानं तोडू नका. लिंबाच्या कुंडीवर नशीब असेल तर ब्लू मॉर्मनही अंडी घालून जातं, ते २०१५पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. एकदा ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत, म्हणजे तिथल्या फुलपाखरांच्या बागेत, जाऊन या. कुठल्या झाडावर कोण बसतं हे तिथे एका सकाळी कळतं, आणि मग कुंड्यांची निवड सोपी होते.

येतो आणि लगेच उडतो

इथे सेटिंग कामाला येत नाही. पक्षी माणसाला तितका घाबरत नाही जितका अचानक होणाऱ्या हालचालीला. कॅमेरा उचलून डोळ्याला लावणं ही फार मोठी हालचाल आहे. ट्रायपॉड गॅलरीत कायमचा उभा करून ठेवा, वर एखादी काळी पिशवी घालून. काही दिवसांनी तो त्यांच्यासाठी कठड्याचाच भाग होतो. तुम्ही खोलीत, पडद्याच्या आड बसा.

फुलाच्या जवळ, दीड-दोन फुटांवर, एक वाळकी काडी बांधा, पेन्सिलीपेक्षा बारीक. शिंजीर फुलावर जाण्याआधी किंवा नंतर तिच्यावर टेकतोच. काडीच्या मागची इमारत किंवा झाड जितकं लांब, तितकी पार्श्वभूमी स्वच्छ. फोकस आधीच काडीवर लावून ठेवा. काडी बारीक हवी याचं दुसरं कारण पारवे. त्यांना तिच्यावर नीट बसता येत नाही.

पारव्यांमुळे बाकी पक्षी येत नाहीत, ही तक्रार मी सगळ्यांत जास्त ऐकते. धान्य टाकणं बंद करा, अगदी मूठभरही. धान्याने पारवे जमतात, त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा त्रास होतो, आणि २०२५मध्ये मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणाने. शिंजीर, शिंपी, दयाळ, चष्मेवाला यांना तुमचं धान्य नकोच असतं. त्यांना मध, किडे आणि पाणी हवं. हॅमेलिया, इक्झोरा, जास्वंद, आणि जमिनीवर जागा असेल तर शेवगा लावा. पाण्याचं भांडं उथळ, दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक खरबरीत दगड. पाणी रोज बदला आणि भांड्याची आतली कड घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून टाकल्याने जात नाहीत.

घाणेरी म्हणजे लँटाना मात्र लावू नका. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं, पण तिची फळं बुलबुल खातात आणि बी येऊरच्या जंगलात नेऊन टाकतात. तिथे ती आधीच माजलेली आहे.

पक्षी आहे, पण ओरडतोच आहे

शिंपी शेपटी उभारून एकसारखा मोठ्याने ओरडतो आहे. चोचीत अळी आहे, पण ती खातही नाही आणि कुठे नेतही नाही. फोटो काढायला असा पक्षी फार सोपा असतो, कारण तो उडून जात नाही. पण याचा अर्थ घरटं जवळ आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. लगेच आत जा. तुम्ही जितका वेळ उभे राहाल तितका वेळ पिल्लं उपाशी, आणि त्या आरड्याने कावळ्याचं लक्ष वेधलं जातं.

शिंजीर बरेचदा गॅलरीतल्या वायरला किंवा वेलीलाच घरटं टांगतो. अशा वेळी पिल्लं उडेपर्यंत त्या बाजूची धुणी वाळत घालणं थांबवता आलं तर बघा. फोटो काढायचाच तर खोलीच्या आतून, फ्लॅश न मारता, दोन-तीन मिनिटं, आणि आई-बाप ये-जा नेहमीसारखी करत असतील तरच. घरटं नीट दिसावं म्हणून पान बाजूला करणं किंवा फांदी बांधणं अजिबात नको. शिंप्याचं घरटं शिवलेल्या पानात असतं, ते पान हेच त्याचं छप्पर आणि तीच त्याची लपण्याची जागा. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावणंही टाळा, विणीच्या काळात तो घरटं सोडून भांडायला येतो.

नोंद ठेवायची असेल तर पक्ष्यांसाठी ईबर्ड आणि बाकी सगळ्यांसाठी आयनॅचरलिस्ट ही अॅप वापरता येतात. तिथे पुसट फोटोही चालतो, ओळख पटली की झालं. घरट्याचा फोटो असेल तर तो टाकण्याआधी लोकेशन बंद करा आणि पिल्लं उडून गेल्यावरच टाका.